उपासनेतले गाणे आणि वाङ्मयाची विस्मृती

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की नाशिक शहराला मराठीचे भरते येते. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. मराठी भाषा गौरव दिन म्हणून तो राज्यभर साजरा होतो आणि कुसुमाग्रज नाशिकचे म्हणून येथे त्याला घरच्या कार्याचे रूप येते. याच आठवड्यात, तीनच दिवस आधी, नाशिकच्या आणखी एका लेखिकेची पुण्यतिथी येऊन जाते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई टिळकांचे नाशिकमध्ये निधन झाले. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या या बाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि मराठी गद्याच्या मानाच्या जागी जाऊन बसले. ते तेथे आहे याचा आनंदच आहे. परंतु 'स्मृतिचित्रे' वाचून मिटणाऱ्या वाचकाला एक प्रश्न सहसा पडत नाही. ज्या पतीच्या लहरीपणाने, उदारपणाने आणि धर्मांतराने हे पुस्तक भरले आहे, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिले काय?

शाळेतल्या पुस्तकांनी याचे उत्तर कधीच ठरवून टाकले आहे. टिळक म्हणजे 'फुलांमुलांचे कवी'. बालकवींना घरी आश्रय देणारे, निसर्गावर आणि मुलांवर प्रेम करणारे. हे खरे आहे, पण अर्धे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यापासून ९ मे १९१९ रोजी निधन होईपर्यंत टिळकांनी जी काव्यरचना केली, तिचा फार मोठा भाग भजने, अभंग, पदे आणि उपासनागीते यांचा आहे. मराठी वाङ्मयाच्या वाचकाने तो जवळजवळ वाचलेला नाही. तो जिवंत राहिला, तो रविवारी चर्चच्या बाकांवर बसून गाणाऱ्या माणसांच्या गळ्यात. आता तेथेही तो क्षीण होत चालला आहे, असे मला दिसते. माझा या विषयाशी संबंध उपासकाचा नाही, मराठी कवितेच्या वाचकाचा आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, हे लिहावेसे वाटले.

नाशिकला शरणपूर रस्ता सर्वांना ठाऊक आहे. शरणपूर म्हणजे काय, हे मात्र थोड्यांना. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसवली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रवर्तक. मराठी बायबलमध्ये, जेथे पळून आलेल्याला अभय मिळते अशा नगरांना 'शरणपुरे' म्हटले आहे. तेच नाव या वसाहतीला मिळाले. नाव सार्थही होते. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले येथे वाढली, शिकली. डेव्हिड लिव्हिंगस्टनचा देह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांतही तो होता. जातीतून तुटलेली मराठी कुटुंबे आणि घरादारातून तोडलेली आफ्रिकी मुले एकाच वसाहतीत राहत होती. अशा समाजाला एकत्र आणण्याचे पहिले साधन कोणते असेल, तर एकत्र गाणे.

पण गायचे काय? मिशनऱ्यांनी आपल्याबरोबर आपली गीते आणली आणि त्यांची मराठी भाषांतरे केली. हेतूत काही उणे नव्हते. अडचण छंदाची होती. इंग्रजी गीतांचे सर्वांत रूढ वृत्त आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचे. त्याची चाल हलक्या अक्षराने सुरू होते आणि ठोका दुसऱ्यावर पडतो. मराठीत 'देवा' किंवा 'प्रीती' असा शब्द ओळीच्या आरंभी आला की त्याचे पहिले अक्षर ठोक्याआधीच निसटते आणि सगळा जोर दुसऱ्यावर जातो. मराठी कानाला शब्दाचा आरंभ हरवल्यासारखा वाटतो. त्यातून ही गाणी चार आवाजांत बांधलेली असतात. आपापला आवाज सांभाळायला स्वरलिपी वाचता यावी लागते. निदान गीतपुस्तक तरी वाचता यावे लागते. एकोणिसाव्या शतकातील नवख्रिस्ती माणसांपैकी पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. म्हणजे गाणे सर्वांचे, पण गाणारे थोडे, अशी स्थिती झाली.

भजनात ही अडचण उद्भवतच नाही. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. यात ऱ्हस्वदीर्घाचा जाच नाही. अक्षर हवे तसे ओढता येते. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात. दोनदा-तीनदा म्हटल्यावर ओळ पाठ होते, लय चढते आणि ज्याला वाचता येत नाही तोही शेवटी पुस्तकवाल्याच्या बरोबरीने गातो. निरक्षर समाजाला काव्य पोहोचवण्याची ही रीत महाराष्ट्राने शतकानुशतके घासून गुळगुळीत केलेली होती. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी टिळकांच्या आधीच तिच्याकडे वळून ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टिळकांनी या रीतीला कवी दिला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलेला, कीर्तनाचे वळण अंगी मुरलेला आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणारा हा कवी होता. त्याला अभंग उसना घ्यावा लागला नाही. तो त्याच्या श्वासात होता.

येथे एक आक्षेप आजकाल वारंवार ऐकू येतो, त्याचा समाचार घेतला पाहिजे. ख्रिस्ती माणसाने अभंग म्हणणे, कीर्तन करणे हे वेशांतर आहे, भोळ्या लोकांना भुलवण्याची युक्ती आहे, असे म्हटले जाते. ख्रिस्ती उपासना ऑर्गनवर इंग्रजी चालीत झाली तर ती परकी, असेही म्हणणारे बहुधा हेच असतात. मग या माणसांनी गावे तरी कसे? फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' ओवीतच लिहिला. ओवी आणि अभंग ही मराठी भाषेची मालमत्ता आहे. जो मराठीत प्रार्थना करतो त्याला तिच्यात वारसा आहे. टिळकांना हे पुरते उमगले होते. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या भक्तांसाठी.

वाद्यांच्या बाबतीत तर देशी-परदेशी हा भेद हास्यास्पदच ठरतो. आपली बाजाची पेटी युरोपात एकोणिसाव्या शतकात जन्मली. ती पायपेटीच्या रूपाने येथे आली; मिशनऱ्यांच्या उपासनेत ती असेच. १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला जमिनीवर बसून हाताने वाजवण्याजोगे रूप दिले. पुढे ती कीर्तनात, नाटकात, वारकऱ्यांच्या भजनात अशी मिसळली की तिच्याशिवाय भजन सुने वाटू लागले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने ती परकी आणि बेसूर ठरवून तिच्यावर बंदी घातली, ती तीन दशके टिकली. आणि आज कोणी चर्चमध्ये पेटी घेऊन बसला, तर त्याला 'भारतीयीकरण' म्हणतात! चर्चबरोबर वावरलेले वाद्य देशी होऊन चर्चमध्ये परतले, एवढाच त्याचा अर्थ. उलट दिशेचे उदाहरण गोव्याचे. तेथे चर्चला जोडलेल्या शाळांत पिढ्यान्पिढ्या स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले गेले. त्या शाळांच्या परंपरेतून अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वाद्यसंयोजक हिंदी चित्रपटसंगीताला मिळाले. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला चार आवाजांतले गाणे परके म्हणून कसे चालेल? तेव्हा वाद्याच्या जन्मगावावरून उपासनेची परीक्षा करू नये. परीक्षा एकच: जमलेली माणसे गातात की नाही?

या कसोटीवर आजचे चित्र मला समाधानकारक वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या आमंत्रणावरून नाशिकमधील एका चर्चमध्ये नाताळच्या उपासनेला गेलो होतो. पुढे तरुणांचे पथक होते. कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि भिंतीएवढे ध्वनिक्षेपक. गाणी बहुतेक हिंदी आणि इंग्रजी. मुले तयारीची होती, मनापासून गात होती; त्यांची टिंगल करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मध्येच टिळकांचे एक जुने भजन आले. माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी पुस्तक न उघडता गायला सुरुवात केली. पथकाने पट्टी आपल्या गायकाच्या सोयीने धरली होती, काळी चार असावी. दुसऱ्या कडव्यात स्वर वर चढला, बाईंचा आवाज तेथवर पोहोचेना. त्या थांबल्या. ओठ हलत राहिले. नंतर तेही थांबले. पुढच्या पथकाला हे ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्यापैकी कोणाचाच आवाज आम्हालाही ऐकू येत नव्हता. भजन संपले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपासक आता श्रोते झाले होते.

प्रश्न केवळ नाशिकचा नाही आणि नवाही नाही. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनने आपल्या 'कन्फेशन्स'च्या दहाव्या खंडात याच पेचाशी झटापट केली आहे. चर्चमधले गाणे ऐकून आपल्याला रडू आले, त्याने आपले भले झाले, हे तो कबूल करतो. पण गाण्यातल्या अर्थापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले तर आपला अपराध होतो, असेही त्याला वाटते. सोळाव्या शतकात झ्युरिकच्या झ्विंग्लीने, स्वतः उत्तम वादक असून, उपासनेतले संगीतच बंद केले. त्याच दशकात लूथरने उलट मार्ग धरला. लोकांच्या भाषेत, लोकांना गाता येतील अशा चालींची गीते त्याने छापून काढली. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजात, ग्रेगरी परंपरेच्या गायनाला मानाचे स्थान ठेवूनच, मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य महत्त्व द्यावे असे सांगितले. लॅटिन मागे सरली आणि मराठी वेदीपर्यंत पोहोचली. चर्चच्या इतिहासात संगीताचे प्रत्येक मोठे वळण या एका प्रश्नाभोवती फिरले आहे: गाणे कोणाच्या तोंडी असावे?

मला ठाऊक आहे की तरुणांची बाजू कमकुवत नाही. ती मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. टिळकांची संस्कृतप्रचुर मराठी त्यांना परकी वाटते. शिवाय ती म्हणू शकतात, की टिळकांनीही त्यांच्या काळी नवेच गाणे आणले होते. आम्ही आमचे आणतो. हा युक्तिवाद मला मान्य आहे. टिळकांना गोठवून ठेवणे हा टिळकांचाच पराभव होईल. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली अशी, की न कळणारा शब्द गाण्याला अडवत नाही. ज्ञानोबांची प्रत्येक ओवी कोणत्या वारकऱ्याला कळते? आधी ती ओठांवर येते, अर्थ आयुष्यभर उलगडत राहतो. दुसरी अशी, की टिळकांनी जुने बाजूला सारले ते लोकांना गाता यावे म्हणून. आजचे नवे गाणे पथकाला गाता यावे म्हणून आहे. दोन्ही नवेपणांत हा फरक आहे आणि तो लहान नाही.

तथापि टिळकांच्या बाजूने बोलतानाही एक कबुली द्यावी लागेल. ख्रिस्ती उपासनेचे 'भारतीयीकरण' असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर तंबोरा, पेटी, तबला, समई आणि अभंग येतो. ही एका थराची संस्कृती झाली. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मातंग समाजांतून आलेला आहे. गावगाड्यात सनई, हलगी, डफ ही वाद्ये मातंगांच्या हाती होती. या देशाच्या ग्रामसंगीताचे ते वाहक होते. ती हलगी चर्चच्या आत आली का? फारशी नाही. याचे कारण तिरस्कार एवढेच समजू नये. हलगी ही बलुत्याची निशाणी होती. लग्नात आणि मयतीत बोलावले की वाजवायची, आणि मग दाराबाहेर बसायचे. त्या अपमानातून सुटण्यासाठी ज्यांनी धर्म बदलला, त्यांना ते वाद्य वेदीजवळ नको वाटले असेल, तर त्यांना दोष कोण देईल?

तरीही काळ बदलला आहे. तमिळनाडूत थिओफिलस अप्पावू या दलित धर्मपंडिताने मदुराईच्या धर्मविद्यालयात राहून लोकगीतांच्या चालींवर उपासना रचली; ज्या 'परै' वाद्यावरून एका जातीला नाव आणि कलंक दोन्ही मिळाले, त्याकडेही तेथील दलित ख्रिस्ती विचारवंत मुक्तीचे वाद्य म्हणून पाहू लागले. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी लोकगीताच्या चालीत हजारो माणसांना गाता येईल असे भीमगीत दिले. ज्या समाजाचा एक भाग बौद्ध झाला, एक ख्रिस्ती, त्याच समाजातले हे गाणे. १९३० साली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह करून जे शहर देशाला ठाऊक झाले, त्या शहरातील चर्चने तरी आपल्या माणसांच्या वाद्याला दाराबाहेर ठेवू नये. टिळकांचा अभंग हलगीवर म्हटला तर टिळकांचे काही बिघडणार नाही. कदाचित त्यांच्या 'दरबारा'ला अखेर पुरे सभासद मिळतील.

आता मूळ तक्रारीकडे येतो. ती चर्चपेक्षा आपल्याशी, मराठी वाचक-समीक्षकांशी अधिक आहे. आपण तुकोबांना वाङ्मय मानतो आणि तुकोबांच्या वाटेने चाललेल्या टिळकांच्या अभंगांना 'धार्मिक साहित्य' म्हणून बाजूला ठेवतो. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे अपुरे राहिलेले महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. 'स्मृतिचित्रे'वर भरभरून बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ते हातात धरले आहे? भक्तिगीताची परीक्षा कागदावर होत नाही, ते गायले जाताना होते, ही अडचण मी समजू शकतो. पण मग ते गायले जात आहे तोवर ऐकून तरी घ्यायला हवे. जुन्या पदांच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचा पहिला शब्द छापलेला असे. ते दुसरे गाणे लोक विसरले, की चाल उरते ती फक्त हे पद म्हणणाऱ्यांच्या गळ्यात. त्या चाली जाणणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी घडवली आणि पुढे नाशिकमध्ये रामनामाचा आश्रम उभारून समूहभजनाचा ध्यास घेतला. त्या शहरात ही पदे स्वरलिपीत उतरवून घेणारा विद्यार्थी मिळू नये, हे मला खरे वाटत नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आणि संगीत विभागाने मिळून शरणपूर, नाशिकरोड, आणि पुढे हरेगाव, राहुरीपर्यंत जावे. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या पट्टीत गाऊ द्यावे, ध्वनिमुद्रण करावे, शब्द आणि स्वर दोन्ही लिहून घ्यावेत. चर्चच्या पंचमंडळींनी एवढेच करावे, की प्रत्येक रविवारी एक पद ध्वनिक्षेपक बंद ठेवून म्हणावे. सुरुवातीला विस्कळीत होईल, लाजल्यासारखेही होईल. दोन-चार रविवारांत कोणाचा आवाज कोणाच्या मागे जातो ते लोकांना ऐकू येऊ लागेल.

त्या नाताळच्या रात्री बाहेर पडताना मी त्या वृद्ध बाईंना विचारले, की भजन पूर्ण पाठ आहे का. त्या म्हणाल्या, "पाठ कशाचं, आईच्या तोंडून उचललंय. पण खालच्या सुरात होतं ते." आणि चर्चच्या पायरीवर उभे राहून, पांढरी चारच्या आसपास, त्यांनी पहिले कडवे मला म्हणून दाखवले. चाल वेगळी होती. आत वाजली ती नव्हती. मी घरी येऊन ती लिहून ठेवण्याचा प्रयत्न केला. मला स्वरलिपी येत नाही.